बस नंबर सात, सुटीचा दिवस

सुटी पगारी होती, तरी पाचलाच सेल्फ मारला.
बुटीबोरीची स्टाफ बस, नंबर सात,
एरवी पहिल्या पाळीची पोरंपोरी डुलक्या घेत नेते;
आज रिकामीच शहराकडे निघाली.
काचेवर एचआरच्या बाईंनी स्वतः कागद चिकटवला:
'मतदारांसाठी मोफत'.
खाली कंपनीचं नाव, जरा मोठ्या अक्षरात.

मग तपासणीचे साहेब आले.
गाडीत निशाणीसारखं काही नको, म्हणाले,
आणि पाहता पाहता
मागचा 'थांबा' सांगणारा पंजा झाकला,
गणपतीपुढचं प्लास्टिकचं कमळ डिकीत गेलं,
डॅशबोर्डवरच्या घड्याळावर पट्टी लागली.
वेळ कशी बघू, साहेब?
"उन्हावरून बघ."

ऊन तर सातलाच अकराचं होतं.

तरोडीच्या नव्या इमारतींखाली लोक उभे,
दुपट्टे गुंडाळून, खिशात कांदा, मुठीत चिठ्ठ्या.
नदीकाठची वस्ती उठली तेव्हा ट्रकनं आले होते इथे,
भांडी, कूलरचे पत्रे, टोपलीखालच्या कोंबड्या, सगळं घेऊन.
नावं तेवढी तिकडच्या शाळेत राहिली,
खोली क्रमांक तीन.
ऑटोवाला आज नुसत्या जायचे तीनशे सांगतो.

गुलाब सहारे कुबड्या टेकत आला
आणि दारापाशी अडला.
पायरी त्याच्या गुडघ्याच्या वर.
कंपनीनं बस दिली होती, डिझेल दिलं होतं,
पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, फोटो काढणारा पोरगा.
पायरीचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.
माझ्याही नाही,
आणि हे दार मी नऊ वर्षं उघडतोय.
शेवटी कॅन्टीनचा निळा क्रेट पालथा घातला.
"मले नको धरू," तो म्हणाला, "क्रेट धर."

सकराबाई नंदेश्वर पुढच्या सीटवर.
वाठोडा गेला, काही बोलली नाही.
जगनाडे चौक मागे पडला तशी सरसावली:
"इथून हळू चालव नं बाप्पा."

पाऊण तासात सगळे परतले,
ओळीनं उभे राहिले, बोटं वर, फोटो झाला.
सकराबाई नव्हती.

शाळेमागे सापडली.
नव्या रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर,
कण्हेरीच्या रोपांत पावलं मोजत.
"हे बोरिंग. इथून आठ पावलं माया दरवाजा."
शाईचं बोट तिनं समोर केलं.
"पाय, ट्रक जाऊन राहिला माया चुलीवरून."
मग चिठ्ठी उलगडली:
"अन् यादीत पत्ता तोच हाय. घर नंबर बी."

फोन वाजत होता. सात नंबर कुठे आहे?
सिग्नलला, मी म्हणालो.
आणि ती मोजून होईपर्यंत
सिग्नल लालच राहिला.

परतताना म्हणाली, "तुयं बोट दाखव."
माझं नाव भिवापूरच्या यादीत.
तिकडे कोणाची बस जात नव्हती.
मी स्टिअरिंग घट्ट धरलं, जणू पुढे खड्डा आहे.
तिनं ओळखलं असावं.
बिस्किटाचा पुडा फोडून अर्धा माझ्या मांडीवर ठेवला.
मागून कोणी विचारलं, किती वाजले?
पट्टीचं टोक उचलून पाहिलं.
पावणेदहा. अजून चार फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी.
पट्ट्या रात्रीच सोलून काढल्या होत्या,
कमळ जागेवर, डिंक अजून चिकट.
क्रेट मात्र परत करायचा राहिला होता.
पॅकिंगमधली कुंदा, सातवा महिना,
रोज दांड्याला लटकून चढते.
मी उतरून क्रेट खाली ठेवला.
ती थबकली.
"हा कालचा होय?"
"हाव."
"मंग कालच काहून?"

मला उत्तर आलं नाही. गिअर टाकला.
कॅन्टीनवाला अजून
क्रेट मोजतो आहे, एक कमी भरतो.